ब्रॅग नावाचं बियाणं

ब्रॅक्स्टन ब्रॅग हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला, हरलेल्या बाजूचा सेनापती. भांडखोरपणाबद्दल प्रसिद्ध. युलिसिस ग्रँट हा त्याचा शत्रुपक्षातला समकालीन, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याने आपल्या आत्मचरित्रात ब्रॅगची एक गोष्ट सांगितली आहे. तरुणपणी एका ठाण्यावर ब्रॅगकडे तुकडीचा प्रमुख आणि कोठाराचा अधिकारी अशी दोन्ही कामं होती. तुकडीप्रमुख ब्रॅगने कोठाराकडे सामान मागितलं. कोठार अधिकारी ब्रॅगने ते नाकारलं. प्रमुखाने हक्क सांगितला, अधिकाऱ्याने नियमावर बोट ठेवलं आणि अखेर दोघांचा पत्रव्यवहार एकाच हाताने वरिष्ठांपुढे गेला. सगळ्या फौजेशी भांडून झालं, आता स्वतःशीही सुरू केलं का, असं म्हणत वरिष्ठांनी कपाळाला हात लावला म्हणे. गोष्ट ऐकीव आहे, हे ग्रँटही लपवत नाही. पण सरकारी कचेरीत एकदा तरी जाऊन आलेल्या माणसाला ती खरी वाटेल.

या ब्रॅगने सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाची लढाई जिंकली आणि दोनच महिन्यांत चॅटनूगाला सगळी कमाई घालवली. लुइझियानात त्याचा उसाचा मळा होता आणि त्या मळ्यावर शंभराहून जास्त गुलाम राबत. अशा माणसाचं नाव आपल्याकडच्या सोयाबीनच्या वंशावळीत यावं ही गंमत म्हणावी की काळाचा विनोद? पण ते आलं आहे, आणि ज्या वाटेने आलं ती वाट थक्क करणारी आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मिसिसिपीतल्या स्टोनव्हिलमध्ये एडगर हार्टविग नावाचे सरकारी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या दक्षिण भागासाठी सोयाबीनच्या नव्या जाती काढत होते. तिथे या जातींना दक्षिणेच्या बंडखोर सेनानींची नावं द्यायचा प्रघात पडला. ली, जॅक्सन, हूड, पिकेट, हॅम्पटन, हार्डी, ब्रॅग. म्हणजे जी फौज १८६५ मध्ये रणांगणावर हरली ती शंभर वर्षांनी शेतात ओळीने उभी राहिली. त्या काळच्या दक्षिणेत यात कुणाला वावगं वाटलं नसावं. गुलामगिरीसाठी लढलेल्यांचे पुतळे चौकाचौकांत होतेच, मग बियाण्याने काय पाप केलं होतं?

आता पुढची कडी. १९६० च्या दशकात अमेरिकी मदतीतून इलिनॉय विद्यापीठाची माणसं पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत आली. भारताला प्रथिनं हवी होती, तेल हवं होतं आणि अमेरिकेला भारत रशियाकडे झुकायला नको होता. सोबत पिवळ्या सोयाबीनच्या अमेरिकी जाती आल्या. इलिनॉय हा उत्तरेचा प्रांत, अब्राहम लिंकनचा प्रांत. पण इलिनॉयच्या माणसांनी आपल्या मातीत जी बियाणी रुजवली त्यांत लिंकनशी लढलेल्यांची नावं पुढे होती: ब्रॅग, ली, हार्डी. यात राजकारण नव्हतं. कारण होतं सूर्य.

सोयाबीनचं झाड रात्र मोजतं. फुलण्याचा दिवसाच्या लांबीशी असलेला संबंध १९२० मध्ये अमेरिकी कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी जगासमोर मांडला. ‘बिलॉक्सी’ नावाच्या जातीचं बी त्यांनी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरलं. आधी पेरलेलं आधी फुलायला हवं. पण फुलायची वेळ आली तेव्हा उंच झाडं आणि त्यांच्या मागून उगवलेली बुटकी झाडं जवळजवळ एकदमच फुलली. वय, पाणी, खत यांपैकी कशाशी त्याचा मेळ बसेना. अखेर लक्षात आलं की दिवस ठरावीक मापापेक्षा लहान आणि रात्र मोठी झाली की झाड वाढ आवरतं आणि फुलाच्या तयारीला लागतं. आपल्याकडचा शेतकरी हे शास्त्राचं नाव न घेता जाणून आहे. पाऊस लांबला आणि पेरणी जुलैच्या शेवटावर गेली की झाड उंची धरत नाही, गुडघ्याखालीच फुलावर येतं आणि सोंगणीच्या वेळी खालच्या शेंगा विळ्यातून सुटून जमिनीलाच राहतात.

आयोवात जूनचा सर्वांत मोठा दिवस सव्वापंधरा तासांचा असतो. वाशिममध्ये तो सव्वातेराच्या आसपास. आयोवाची जात इथे पेरली तर उगवल्याबरोबर तिला वाटतं की हिवाळा तोंडावर आला, आणि ती वीतभर उंचीवरच फुलून मोकळी होते. मिसिसिपी, जॉर्जिया, फ्लोरिडा हे प्रांत मात्र विषुववृत्ताच्या बाजूला सरकलेले आहेत, तिथला दिवस आपल्या दिवसाच्या जास्त जवळ. म्हणून दक्षिणेच्या जाती इथे तग धरू शकल्या. त्यांतल्या काही जशाच्या तशा पेरल्या गेल्या, काही संकरात गेल्या. मध्य भारतासाठी शिफारस झालेली पीके-४७२ ही हार्डी आणि पंजाब-१ यांच्या संकरातून निघाली. विल्यम हार्डी म्हणजे बंडखोरांचा आणखी एक सेनापती, कवायतीचं पुस्तक लिहिणारा. १९९४ साली जबलपूरहून जेएस-३३५ आली आणि मग विदर्भात सोयाबीनला कुणी अडवू शकलं नाही. आज वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या वाशिम जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांत मिळून खरिपात तीन लाख हेक्टरच्या आसपास सोयाबीन असतं. मुगा-उडदाची, ज्वारीची आणि बऱ्याच कपाशीची जागा त्याने घेतली आहे.

इकडे हे होत असताना तिकडे ब्रॅगवरून वेगळंच रामायण चाललं होतं. नॉर्थ कॅरोलिनातली मोठी लष्करी छावणी, फोर्ट ब्रॅग, त्याच्याच नावाची. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर २०२० मध्ये देश पेटला आणि बंडखोरांची नावं लष्करी तळांवरून काढा अशी मागणी जोरात आली. संसदेने तसा कायदा केला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो डावलला. २०२३ मध्ये छावणीचं ‘फोर्ट लिबर्टी’ झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा ‘फोर्ट ब्रॅग’ झाली. पण बंडखोराचं नाव देणं कायद्याने बंद. मग संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या खात्याने रोलँड ब्रॅग नावाचा दुसऱ्या महायुद्धातला एक शूर सैनिक शोधून काढला आणि हे नाव त्याचं असल्याचं जाहीर केलं. पाटी तीच, माणूस बदलला. शहरांची आणि स्थानकांची नावं बदलताना आपण जे राजकारण पाहतो त्यात इतकी चलाखी अजून कुणी केलेली नाही, हे कबूल करायला हवं. रोलँड ब्रॅगच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण त्याचा असा वापर करणं मला त्याचा अपमानच वाटतो. आणि या सगळ्या गदारोळात सोयाबीनच्या ब्रॅगकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

अमेरिकेचं भांडण वऱ्हाडात येण्याची ही काही पहिली खेप नव्हे. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी सुरू झाली. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली. लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा अमेरिकेतून यायचा, तो आटला. इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होताच. कापूस इथे पूर्वीपासून पिकत होता, पण आता त्याचा भाव लिव्हरपूलला ठरू लागला. अमरावतीच्या नावावरून तिथल्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या शब्दावर शेअर चढू लागले. १८६५ च्या वसंतात दक्षिणेने शरणागती पत्करली आणि मुंबईचा बाजार कोसळला. सट्टेवाले बुडाले ते इतिहासाच्या पुस्तकांत आले. भाव उतरल्यावर सावकाराकडे अडकलेला वऱ्हाडचा कुणबी त्या मानाने फार थोड्या पानांत आला.

गाडी मात्र थांबली नाही. १८६६ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी रिव्हेट-कार्नॅक हा खास कापूस आयुक्त नेमला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी, आपण ‘शकुंतला’ म्हणतो ती छोटी गाडीही कापसासाठीच टाकली गेली. वाशिम इंग्रजी कागदांत ‘बासिम’ होतं, काही काळ जिल्ह्याचं ठिकाणही होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि १ जुलै १९९८ ला अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. तोवर लिव्हरपूलची जागा शिकागोने घेतलेली होती.

शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीनचा भाव सेंट आणि बुशेलमध्ये बोलतात. एक बुशेल म्हणजे सोयाबीनचं २७ किलो २०० ग्रॅम, म्हणजे एका क्विंटलमध्ये पावणेचार बुशेलला थोडं कमी. दहा डॉलरचा भाव आणि ८८ रुपयांचा डॉलर धरला तर क्विंटलला सव्वाबत्तीसशे रुपये. बाजार समितीत हर्रास सुरू होण्याआधी अडत्या हा हिशेब करत बसत नाही. तो तेल काढणाऱ्या प्लँटचा भाव पाहतो, प्लँटवाला तेलाचा आणि डीओसीचा म्हणजे पेंडीचा भाव पाहतो. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. तेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, म्हणून त्याचा भाव जगाचा. पेंड बाहेर विकायची तर अमेरिका, ब्राझील आणि अर्जेंटिनाशी गाठ. अशा दोन दोऱ्यांनी शिकागो वाशिमच्या ढिगाला बांधलेलं आहे.

त्या शिकागोला कोण हलवतं? जुलै २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या आयातकराला उत्तर म्हणून चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. सोयाबीनच का? कारण ते आयोवात पिकतं आणि आयोवात मतं होती. त्यात आणखी एक नाजूक धागा आहे. शी जिनपिंग १९८५ मध्ये तरुण अधिकारी म्हणून आयोवातल्या मस्कटीन या छोट्या गावात एका कुटुंबाकडे राहून गेले होते. सप्टेंबर २०१८ च्या एका रविवारी ‘डि मॉइन रजिस्टर’ या आयोवाच्या वृत्तपत्रात ‘चायना डेली’ची चार पानी जाहिरात आली. दिसायला थेट बातमीसारखी. एका मजकुरात राष्ट्राध्यक्षांच्या हट्टाने सोयाबीनची बाजारपेठ कशी जाते आहे ते, आणि दुसऱ्यात शी यांच्या आयोवातल्या गोड आठवणी. ट्रम्प यांनी ती पानं ट्विटरवर टाकून चीनवर निवडणुकीत ढवळाढवळीचा आरोप केला. पैसे मोजून छापलेली बातमी आपल्याला नवी नाही. नवल हे की एका महासत्तेने दुसऱ्या महासत्तेच्या शेतकऱ्याला फोडायला प्रांत पातळीवरचा पेपर पकडला.

२०२५ मध्ये तेच नाटक पुन्हा, मोठ्या खर्चात. वसंतानंतर चीनने अमेरिकेच्या नव्या पिकाची खरेदी थांबवली आणि माल ब्राझील-अर्जेंटिनाकडून उचलला. अर्थमंत्री स्कॉट बेसेंट दूरचित्रवाणीवर म्हणाले की आपणही सोयाबीन शेतकरीच, आपल्यालाही झळ बसली. त्यांची नॉर्थ डकोटात लाखो डॉलरची जमीन होती, कसणारे दुसरे. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले, तेव्हा चीनने वर्षाला अडीच कोटी टन घेण्याचं मान्य केलं. डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. म्हणजे आपल्याच सरकारने काढलेल्या भांडणाचं बिल तिथल्या शेतकऱ्याने सरकारला लावलं आणि वसूलही केलं.

त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाशिमच्या शेतकऱ्यापुढे ५३२८ रुपयांचा हमीभाव कागदावर होता आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. हमीभावाच्या केंद्रावर ओल १२ टक्क्यांच्या आत हवी आणि पावसात भिजलेलं सोयाबीन त्यात बसेना. हा सगळा दोष ट्रम्प यांच्या माथी मारणं मात्र खोटं ठरेल. ब्राझीलचं अफाट पीक होतं. आपल्याच इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीची जागा घेत होता. आणि दिल्लीचे निर्णय होतेच. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं तेव्हा कुक्कुटपालनवाल्यांच्या मागणीवरून १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आणायला परवानगी मिळाली. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झालं. निवडणूक उरकली आणि मे २०२५ च्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, ते दहावर आलं.

शिकागोवर वाशिमचं काही चालणार नाही. वॉशिंग्टनवर तर नाहीच. पण आयातशुल्काचा तो आकडा आपल्याच मतांवर निवडून आलेली माणसं लिहितात. तेव्हा पुढच्या वेळी गावात मत मागायला कुणी आलं की त्याला अमेरिकेबद्दल काय वाटतं ते राहू द्या, खाद्यतेलावरचं शुल्क आज किती आहे आणि सोंगणीपर्यंत तेवढंच राहणार का, एवढंच विचारा.