प्लास्टर निघालं, तरी पाय का सुजतो?

“प्लास्टर निघून दोन महिने झाले, ताई, पण संध्याकाळ झाली की घोटा टम्म फुगतो. हाड चुकीचं तर बसलं नाही ना?”

वस्तीत हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. विचारणारी बहुतेक वेळा बाईच असते. जिन्यावरून घसरलेली, नळावर पाय मुरगळलेली, नाहीतर बांधकामावर पायावर वीट पडलेली. तिला खरं विचारायचं असतं ते वेगळंच: मी पुन्हा कामाला उभी राहीन ना?

हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. पण हाड जुळलं म्हणजे पाय बरा झाला, असं होत नाही. प्लास्टरमध्ये सांधा आखडतो, पोटरी बारीक होते. आणि पायातलं रक्त वर ढकलायचं काम ही पोटरीच करते. तिच्यात जोर नसला की पाणी खाली साचतं. म्हणून दिवसभर उभं राहिलं की सूज येते आणि रात्री पाय उशीवर ठेवून झोपलं की सकाळी उतरते. अशी सूज पाच-सहा महिने राहते, कधी त्याहून जास्त. सकाळी उतरत असेल, महिन्यागणिक कमी होत असेल, तर घाबरू नका.

हाड न मोडता नुसता पाय मुरगळला, तरी तो महिनोन्‌महिने दुखू शकतो. “एक्स-रे तर साफ आहे, मग हिला दुखतंय कुठे?” असं घरातले म्हणतात. त्यांना सांगा, एक्स-रेत हाड दिसतं. हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट त्यात दिसत नाहीत, आणि मुरगळताना ताणले-फाटले जातात ते तेच.

बिघडतं ते दोन टोकांना. एक बाई पगार कापतील म्हणून तिसऱ्या आठवड्यात धुणीभांड्याला जाते. दुसरी भीतीने तीन महिने पाय जमिनीला लावत नाही. तिसरा प्रकार म्हणजे चोळून, ओढून “मोकळा” करून घेणं. ताज्या मारावर किंवा न जुळलेल्या हाडावर हे कधीच करू नका. लेप लावायचा तर लावा, पण लेपाने हाड जुळत नाही.

डॉक्टरांनी पाय टेकवायला परवानगी दिली की पायाला थोडं थोडं काम द्या. बसल्या जागी अंगठ्याने हवेत अक्षरं काढा, अ पासून ज्ञ पर्यंत. समोर पोराला बसवा, कुठलं अक्षर ते त्याला ओळखू द्या, म्हणजे टाळाटाळ होत नाही. पंजा वर-खाली करा, दिवसातून चार-पाच वेळा. जोर आला की भिंत धरून चवड्यांवर उभं राहा. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर काल जास्त झालं असं समजा आणि थोडं कमी करा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळा, रात्री काढा. बोटं निळी किंवा बधिर झाली तर लगेच सोडा. विहारात मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्ची मागा, त्यात कसली लाज!

मात्र काही खुणा दिसल्या तर घरी थांबायचं नाही. एकच पोटरी सुजली, दाबल्यावर दुखते, गरम लागते, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठा. मार लागल्यानंतर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे हवाच. पाय आगीसारखा जळतो, कपडा लागलेलाही सहन होत नाही, कातडीचा रंग बदलतो, हेही लवकर दाखवा; उशीर झाला तर ते दुखणं हटायला फार कठीण जातं.

मधुमेह असणाऱ्यांचं तर वेगळंच सांगायला हवं. पाय लाल, गरम, सुजलेला, पण दुखत मात्र फारसा नाही, म्हणून ते चालत राहतात. अशा पायात आतली हाडं खचत असू शकतात. चालणं बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरम पाण्यात पाय बुडवू नका, विटेचा शेक नको. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

पगारातून ईएसआय कापलं जात असेल तर कार्ड काढून बघा. कामावर मार लागला असेल आणि ईएसआयच्या डॉक्टरांनी कामाला अयोग्य ठरवलं, तर त्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. सुपरवायझर म्हणेल, “घरी पडले असं सांग.” सांगू नका. अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. घरकाम करणाऱ्या बायांना हा आधार नाही. त्यांनी निदान पहिले काही आठवडे बसून करायची कामं मागून घ्यावीत, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, आणि फरशी पुसायला शेजारणीला सोबत न्यावं.