काळा पाषाण, प्राचीन भक्षक आणि नगराची तिजोरी

उल्हासनगरच्या कॅम्प १ पासून अंबरनाथचें शिवालय फार दूर नाहीं. वालधुनीच्या कांठचें हें देवालय तेथील शिलालेखाप्रमाणें शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० सालीं, शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकीर्दींतलें. कलेवर राजभांडारांतून द्रव्य खर्चण्याची चाल या भागांत निदान इतकी जुनी आहे. ज्या काळ्या पाषाणांत तेथील मूर्ति कोरल्या, तो सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. आणि त्या लाव्हारसाच्या आगेंमागें या देशांत आज नामशेष झालेले प्रचंड मांसभक्षक प्राणी हिंडत होते.

हल्लीं सार्वजनिक बागांतून डायनोसॉरचे पुतळे पुष्कळ ठिकाणीं दिसतात. आमची तक्रार पुतळ्यांविषयीं नाहीं. त्या आ वासलेल्या जबड्यांत काय जात असे, याची चौकशी पैसे देणारे करीत नाहींत, एवढीच आहे.

ही चौकशी करतां येते. गुजरातेंतील धोली डुंगरी येथें सांपडलेल्या एका दगडाचें वर्णन भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे धनंजय मोहबे यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत डायनोसॉरचीं अंडीं व पिलाचीं हाडें होतीं. पुढें २००१ सालीं जेफ्री विल्सन यांना त्याच दगडांत सापाचे मणके ओळखूं आले. सुमारें साडेअकरा फूट लांबीचा तो साप एका फुटलेल्या अंड्याभोंवतीं वेटोळें घालून बसला होता. शेजारीं दोन धड अंडीं आणि दीड फुटाचें पिलूं! अजगराप्रमाणें त्याचा जबडा फार फांकत नसे. अखंड अंडें गिळण्यापेक्षां पिलूं बाहेर येण्याची वाट पाहणेंच त्यास परवडत असावें. चिखलाचा लोंढा अकस्मात् आला आणि भक्ष्य व भक्षक जागच्या जागीं गाडले गेले. २०१० सालीं या सापास ‘सनाजेह इंडिकस’ हें नांव मिळालें.

गुजरातेंतीलच ‘राजासॉरस’ वीस फुटांहून लांब होता. त्याच्या जेवणाचा असा पुरावा हातीं नाहीं. परंतु मादागास्करमधील त्याचा भाऊबंद ‘मजुंगासॉरस’ याच्या हाडांवर त्याच्याच जातीच्या दातांचे ओरखडे आढळले, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. ओरखड्यांमधील अंतर दातांमधील अंतराशीं जुळलें. भाऊबंदास मारून खाल्लें कीं मेलेल्यास खाल्लें, हें मात्र त्यावरून ठरत नाहीं. (पंगतींत वाचून दाखविण्याजोगा हा मजकूर नव्हे, हें आम्ही जाणतों.)

एवढें ज्ञान शिल्पांत उतरवावयाचें तर खर्च आला, आणि खर्च आला कीं तिजोरीची किल्ली कोणाच्या हातीं हा प्रश्न आला. न्यूयॉर्क शहरांत १८६८ सालीं सेंट्रल पार्कच्या व्यवस्थापकांनीं अशा प्राण्यांच्या संग्रहालयाचें काम वॉटरहाउस हॉकिन्स या इंग्रज शिल्पकारास दिलें. शाकाहारी हॅड्रोसॉरस आणि मांसाहारी लेलॅप्स एकत्र दाखवावयाचे, असा त्याचा बेत होता. पाया घातला गेला. पण १८७० सालीं व्यवस्थापक मंडळ बदललें, काम थांबलें आणि १८७१ च्या मे महिन्यांत घणाचे घाव घालून तयार नमुने फोडण्यांत आले. फार दिवस याचें खापर ट्वीड या पुढाऱ्यावर फुटत असे. २०२३ सालीं ब्रिस्टलच्या दोघां संशोधकांनीं मूळ कागद तपासून तें हेन्री हिल्टन या सभासदाच्या माथीं ठेविलें. लोकांचा पैसा गेला, आणि हातीं फुटके तुकडे राहिले. याच हॉकिन्सचा १८५४ चा लंडन येथील मेगॅलोसॉरस चार पायांवर उभा आहे. आजच्या ज्ञानानें तें चूक. तरी तो अजून उभा आहे व मुलें त्याकडे पाहतात.

उल्हासनगरास राजाश्रय नाहीं. लष्करी छावणीच्या जागेंत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजीं नगराची कोनशिला बसली, आणि आज कलेचा खर्च निघाला तर तो घरपट्टीच्याच पैशांतून निघणार. ‘आधीं पाणी, मग पुतळे’ असें गृहिणी म्हणतील. त्यांचें खोटें नाहीं. परंतु पुतळ्यावर पैसा जाणारच असेल, तर परदेशी राक्षसाच्या रंगीत प्रतिकृतीपेक्षां इथल्याच काळ्या पाषाणांत तें घरटें, तीं अंडीं व तो साप कोरविणें आम्हांस अधिक योग्य वाटतें. खालच्या फलकावर पुरावा कोणता व तर्क कोणता, हें वेगवेगळें लिहावें. आणि काम देण्यापूर्वीं आराखडा व अंदाजपत्रक महिनाभर नगरवासीयांपुढें मांडून ठेवावें.