क्लिप बसली, मग पुन्हा स्कॅन कशाला?

मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत झाली की ती फुगते. हाच अन्युरिझम. २५ मिलिमीटरच्या पुढचा फुगवटा 'जायंट' समजला जातो. कवटी उघडून त्याच्या मानेला (वाहिनीतून तो निघतो तिथे) कपड्याच्या चिमट्यासारखी इवलीशी क्लिप लावतात, म्हणजे रक्त आत शिरत नाही. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली हे प्रथम केलं.

ऑपरेशननंतर बहुधा दिवसभरातच साधा सीटी होतो. रक्तस्राव झालाय का, पाणी साठलंय का, एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटलाय का, एवढंच त्यात पाहायचं असतं. कवटीखाली काळे ठिपके दिसले तरी घाबरू नये. ती आत शिरलेली हवा असते आणि सहसा आपोआप जिरते.

खरे प्रश्न दोनच: फुगवटा पूर्ण बंद झाला का, आणि मूळ वाहिनी चिमटली तर नाही ना? नेमका इथेच धातू आडवा येतो. सीटीत क्लिपभोवती पांढऱ्या-काळ्या रेघांचं जाळं पसरतं. एमआरआयमध्ये तिथे काळा डाग पडतो आणि वाहती रक्तवाहिनीही तुटल्यासारखी दिसते. म्हणून शंका असेल तर डीएसए ही अँजिओग्राफी करतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून डाय सोडतात. संगणक हाडांची प्रतिमा वजा करतो आणि उरतात फक्त रक्तवाहिन्या. मेंदूच्या अँजिओग्राफीची ही वाट १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी दाखवली.

मोठ्या फुगवट्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यात बऱ्याचदा जुनी गुठळी असते. रक्त थांबलं तरी गोळा लगेच आक्रसत नाही, त्यामुळे एमआरआयवर आकार तेवढाच दिसला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे. क्लिपऐवजी प्लॅटिनमच्या कॉइल भरल्या असतील, तर त्या पुढे दबून मानेशी पुन्हा जागा होऊ शकते. म्हणून तपासण्या काही वर्षं चालतात.

त्यामुळे ऑपरेशननंतरच्या पहिल्या अँजिओग्राफीची सीडी जपून ठेवा. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशीच होणार. क्लिपचा प्रकार नोंदवलेला कागदही सोबत असू द्या. टायटॅनियमच्या क्लिपला सहसा अडचण नसते, पण काही जुन्या पोलादी क्लिप एमआरआयच्या चुंबकाने हलू शकतात. आणि रिपोर्टात 'रेसिड्युअल नेक' दिसलं, तर लगेच दुसऱ्या ऑपरेशनची तयारी करू नका. तो उरलेला भाग वाढतोय की तसाच आहे, हे आधी डॉक्टरांना विचारा.