पुढचा ब्रेक कोणत्या हातात? एका प्रश्नातले तीन प्रश्न

सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हातात असावा की डाव्या? तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर उत्तर शोधण्याआधी हा प्रश्न फोडून बघा. यात तीन प्रश्न आहेत.

पहिला भौतिकशास्त्राचा: कोणता ब्रेक जास्त थांबवतो? ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर सरकतो. मागचं चाक हलकं होतं आणि लवकर घसरतं. समजा, दोन चाकांच्या आसांमध्ये 1 मीटर अंतर आहे. स्वारासकट गुरुत्वमध्य 1.1 मीटर उंचीवर, पुढच्या आसाच्या 0.6 मीटर मागे आहे. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक 0.8 धरा. पुढच्या ब्रेकने गुरुत्व त्वरणाच्या साधारण 55 टक्के मंदन मिळतं. त्यापुढे मागचं चाक उचललं जातं. फक्त मागच्या ब्रेकने मिळतं 25 टक्के. म्हणजे ताशी 18 किलोमीटर वेगाने जाताना थांबायला एकाला सुमारे 2.3 मीटर लागतात, दुसऱ्याला 5. गणित स्वतः करून बघा. त्यात हात कुठेच येत नाही!

दुसरा प्रश्न प्रथेचा. भारत, ब्रिटन, जपानमध्ये पुढचा ब्रेक सहसा उजव्या हातात असतो, अमेरिकेत डाव्या. याचं एक स्पष्टीकरण असं: आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. उजवीकडे वळताना उजवा हात दाखवला की डाव्या हातात मागचा, कमी धोक्याचा ब्रेक उरतो. अमेरिकेत सगळं उलट, म्हणून ब्रेकही उलट. छान जुळतं, पण जुळणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे.

तिसरा प्रश्न प्रयोगाचा: कोणता हात खरंच चांगला? पुण्यातले सायकलस्वार घेऊन चाचणी केलीत तर उजवा हात जिंकेल. पण तुम्ही मोजलेली असेल सवय. हात आणि सवय वेगळी करायची तर कधीच सायकल न चालवलेले लोक घ्यावे लागतील, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावे लागतील, आणि दोघांना सारखंच शिकवावं लागेल.

तोपर्यंत व्यवहारातलं उत्तर: ज्या हाताला सवय आहे, तोच. परिषदेसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी परदेशात गेलात आणि तिथे सायकल घेतलीत, तर रस्त्यावर जाण्याआधी ती हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबून बघा. घाबरल्यावर हात विचार करत नाही, सवयीचंच करतो.