मातींतला गडी आणि लिलांवांतली पारख

अष्टागरांतील चौल हें गांव इतिहासाच्या वाचकांना प्राचीन बंदर म्हणून ठाऊक आहे. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकांत येथेंच उतरला. पुढें पोर्तुगीजांनीं शेजारीं रेवदंड्याचा कोट उभारला. तो व्यापार केव्हांच ओसरला. आज चौल ज्या रायगड जिल्ह्यांत मोडतें, त्याचें नांव क्रीडाप्रेमी मंडळी निघतांच घेतात तें कबड्डीसाठीं. किनाऱ्यावरील आगरी-कोळी वस्त्यांतून आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांलगतच्या मोकळ्या जागांतून हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पूर्वीं चांगल्या गड्याला गांवांत मान मिळे, फार तर एखाद्या कारखान्यांत किंवा बँकेंत नोकरी मिळे. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ह्या गुणाला बाजारभाव आला. त्यामुळें एक नवाच प्रश्न घराघरांत येऊन बसला आहे: गांवच्या मैदानावर चमकणारा मुलगा व्यावसायिक खेळांत टिकेल कीं नाहीं, हें ओळखावें कसें?

ह्या प्रश्नाचा सोपा मार्ग म्हणजे गुण मोजणें. परंतु पारख चुकते ती बहुधा तेथेंच. समजा, एका चढाईपटूनें ३० चढाया केल्या, १२ गुण आणले आणि तो ९ वेळां पकडला गेला. दुसऱ्यानें १४ चढायांत ८ गुण आणले आणि तो २ वेळांच पकडला गेला. दुसऱ्या दिवशीं गांवांत चर्चा पहिल्याचीच होईल. पण पकडीबरोबर प्रतिपक्षाला एरवीं एक गुण मिळतो, हें ध्यानांत घेतलें तर पहिल्याची निव्वळ कमाई ३ आणि दुसऱ्याची ६ भरते. शिवाय पहिला गडी नऊ वेळां मैदानाबाहेर बसला व तितक्या वेळां त्याचा संघ एका माणसानें उणा झाला, तें वेगळेंच.

गुण कोणते हेंही पाहावें लागतें. समोर सहा किंवा सात बचावपटू असतांना बोनस रेषा ओलांडून आणलेला गुण, कोपरारक्षकाला स्पर्श करून आणलेला गुण आणि प्रतिपक्षाचे दोनच गडी उरले असतां मिळविलेला गुण हे गुणफलकावर सारखेच दिसतात. त्यांचें मोल मात्र सारखें नसतें. त्यांतही तिसऱ्या चढाईची कसोटी मोठी आहे. व्यावसायिक नियमांप्रमाणें एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईंत गुण आणावाच लागतो, नाहींतर चढाई करणारा बाद होतो. हें बचाव करणाऱ्यांनाही ठाऊक असल्यामुळें ते घाई करीत नाहींत. अशा वेळीं ३० सेकंदांच्या आंत वाट काढणारा गडी कोणता, हें जाणता परीक्षक वहींत स्वतंत्रपणें टिपून ठेवतो.

बचावपटूची पारख याहूनही अवघड. चांगल्या कोपरारक्षकाचें निम्में काम आंकड्यांत उतरतच नाहीं. त्याच्या धाकानें चढाईपटू त्या बाजूस फिरकला नाहीं आणि रिकाम्या हातांनीं परतला, तर त्याबद्दल कोणाच्याच नांवावर गुण चढत नाहीं. उलट, उतावळेपणानें घोट्यावर झेप घेणारा मुलगा प्रेक्षकांना शूर वाटतो. पण त्याची झेप हुकली कीं प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि संघाची साखळीही तुटते. म्हणून बचावपटूच्या बाबतींत त्यानें किती पकडी केल्या यापेक्षां किती प्रयत्नांतून केल्या, आणि शेजारचा गडी पुढें सरसावला तेव्हां हा त्याच्या मदतीला वेळेवर पोहोंचला कीं नाहीं, हें पाहणें अधिक उपयोगाचें असतें.

यानंतर येतो मैदानाचा आणि वयाचा हिशेब. गांवांतील खेळ पुष्कळदां मातीवर होतो. लीगचे सामने होतात ते मॅटवर, बूट घालून. मातीवर पाय घसरतो, वळतांना वेग आपोआप कमी होतो. मॅटवर पाऊल धरून राहतें आणि खेळ झपाट्याचा होतो. अनवाणी खेळण्यांत मुरलेल्या मुलाला तेथें पदन्यास नव्यानें शिकावा लागतो. वजनाची गोष्टही अशीच. किशोर आणि कुमार गटांत वजनाला मर्यादा असल्यामुळें तेथें आडव्या बांध्याचा मुलगा आपल्यासारख्यांशींच झुंजतो. पुरुषांच्या खेळांत त्याची गांठ ८५ किलोपर्यंतच्या भरदार गड्यांशीं पडते. कुमार गटांत केवळ जोरावर निसटणारा मुलगा तेथें अडकतो. हुलकावणी, हाताची लांब पोंच आणि पायांतील चपळाई ज्याच्याजवळ आहे तो तरतो. अर्थात् खरा प्रश्न मुलानें किती गुण मिळविले हा नसून ते कोणासमोर मिळविले, आणि प्रतिस्पर्धी तुल्यबळ झाल्यावर त्यांतले किती शिल्लक राहतील, हा आहे.

असें असलें तरी लहान गांवांतील मुलानें नाउमेद होण्याचें कारण नाहीं. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यांतील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई ह्याला २०१८ सालीं यू मुंबा संघानें ३६.४ लाख रुपयांना घेतलें. पहिल्याच हंगामांत त्यानें चढाईचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले आणि २०१९ सालीं तेलुगू टायटन्सनें त्याच्यासाठीं १.४५ कोटी रुपये मोजले. पण कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खांद्याच्या दुखापतीमुळें २०२१-२२ च्या हंगामांतील बहुतेक सामन्यांना त्याला मुकावें लागलें. कबड्डींत गुडघा, घोटा आणि खांदा हेंच गड्याचें भांडवल असतें. जुनी दुखापत लपवून मैदानांत उतरणारा मुलगा परीक्षकाला फसवीत नाहीं, स्वतःलाच फसवितो.

परदेशांतही ही पारख सोपी ठरलेली नाहीं. अमेरिकन फुटबॉलमध्यें महाविद्यालयीन खेळाडूंतून व्यावसायिक संघ आळीपाळीनें निवड करतात आणि साधारणपणें मागील वर्षीं सर्वांत मागें राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. ही प्रथा १९३६ सालीं सुरू झाली. त्या वर्षीं सर्वांत आधीं निवडला गेलेला जे बर्वेंजर व्यावसायिक लीगमध्यें एकही सामना खेळला नाहीं. पुढें निवडीपूर्वीं उंची, वजन, उडी, ४० यार्डांची धांव अशी सर्व मोजमापें घेण्याची व्यवस्था झाली. तरीही २००० सालीं १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी सात वेळां अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघांत होता. फीत आणि घड्याळ शरीर मोजतात; समोरची चाल क्षणांत ओळखणारी नजर आणि चुकीपासून शिकण्याची वृत्ति त्यांना मोजतां येत नाहीं. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक मुलगा बाद होऊन बाहेर बसल्यावर काय करतो, तेंही पाहतात. तो चरफडत बसतो, कीं ज्यानें आपल्याला पकडलें त्याच्या पायांकडे लक्ष ठेवतो? पुढच्या चढाईंत तीच चूक करतो, कीं बाजू बदलतो?

आपल्याकडे निवड होते ती मुख्यतः लिलांवानें. लिलांवांतील किंमत म्हणजे गुणवत्तेचें प्रमाणपत्र नव्हे, हें घरच्या मंडळींनीं विशेष ध्यानांत ठेवावें. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. २०२५ च्या लिलांवांत ती ५ कोटी रुपये होती, आणि आधारभूत किंमत सर्वांत वरच्या गटाला ३० लाख, तर सर्वांत खालच्या गटाला ९ लाख होती. संघाला डावा कोपरारक्षक हवा असेल आणि पैसे थोडेच उरले असतील, तर उत्तम चढाईपटूलाही बोली लागत नाहीं. प्रदीप नरवाल ह्यानें २०१७ च्या हंगामांत चढाईचे ३६९ गुण मिळवून विक्रम केला आणि २०२१ सालीं त्याला १.६५ कोटींची बोली लागली. त्याच प्रदीपला २०२५ सालीं कोणत्याही संघानें घेतलें नाहीं, आणि त्यानें निवृत्ति पत्करली. बाजार कालच्या पराक्रमाचे पैसे देत नाहीं. उद्यां काय मिळेल याचा अंदाज बांधून देतो.

आतां जागांचा हिशेब. २०२५ च्या हंगामांत लीगचे १२ संघ होते आणि एका संघांत जास्तींत जास्त २५ खेळाडू. म्हणजे सबंध देशासाठीं, परदेशी खेळाडू धरूनही, तीनशें जागा. त्यांवर हरियाणापासून तामिळनाडूपर्यंतच्या मुलांची नजर असते. चौल, नागांव किंवा रेवदंडा येथील मुलानें त्या तीनशेंत बसण्याची उमेद अवश्य बाळगावी, परंतु साऱ्या आयुष्याची बांधणी तेवढ्या एका आशेवर करूं नये. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव असतात, आणि रेल्वेसारख्या खात्यांत क्रीडा कोट्यांतून भरती होते. त्या वाटेनें लिलांवाची झगमग मिळत नाहीं, पण गुडघा दुखावला तरी घरची चूल विझत नाहीं. ह्या जागांना शिक्षणाची अट असते, म्हणून सरावापायीं महाविद्यालय सोडणें हा सर्वांत महाग सौदा ठरतो.

अशा स्थितींत पालकांनीं आणि गांवच्या मंडळांनीं मुलाची पारख बाहेरच्या माणसावर सोंपवून स्वस्थ बसूं नये. एक साधी वही घालावी. प्रत्येक सामन्यांतील चढाया, त्यांतल्या रिकाम्या किती, पकडला गेला किती वेळां, समोर किती गडी होते, संघ कोणता होता आणि दुखलें-खुपलें काय, एवढें लिहावें. वर्षअखेर ती वही उघडली म्हणजे बलाढ्य संघांसमोरचे आंकडे वेगळे काढावेत. ते वर्षागणिक वाढत असतील तर मुलाला मोठ्या चाचणीस धाडण्यांत धोका नाहीं. ते जागच्या जागीं असतील, तर टाळ्यांच्या भरांत न सांपडतां त्याला तसें प्रेमानें सांगणें हें घरच्यांचें कर्तव्य आहे. अठराव्या वर्षीं ऐकलेलें खरें बोलणें मनाला लागतें खरें. पण पंचविसाव्या वर्षीं, ना पदवी ना संघ अशा अवस्थेंत तें स्वतःहून उमगण्यापेक्षां तें पुष्कळच सोसवतें.