फोटो काढणारा फोटोत कधी येणार?

आमच्या बेळगुंदीच्या घरात फोटोंचे तीन जाडजूड अल्बम आहेत. बारशी, साखरपुडे, गौरी-गणपती, भातकापणी, सगळे त्यात आहे. नाहीत ते फक्त आमचे काका, कारण घरातला कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असे. पुढे कॅमेऱ्याचा नाद माझ्याकडे आला आणि अल्बममधली काकांची रिकामी जागाही माझ्याकडेच आली. एकदा गोकाकहून आलेल्या सासूबाईंनी अख्खा अल्बम चाळला आणि मला विचारले, "नीवु एल्लि अदीरि?" म्हणजे, तुम्ही कुठे आहात यात? माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग मी कॅमेऱ्याचा स्टँड घ्यायचे ठरवले. कॅमेरा आणि लेन्स यांवर वर्षभराची शिल्लक खर्च झाली होती, त्यामुळे बाजारातला सर्वांत स्वस्त स्टँड उचलला. दिवाळीला चार पिढ्या अंगणात जमल्या होत्या. नव्वदीची आजी मध्यभागी खुर्चीवर, तिच्या शेजारी गोकाकची अज्जी. मी दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावत जाऊन मागे उभा राहिलो. त्या दहा सेकंदांत स्टँडच्या प्लॅस्टिकच्या डोक्याने लेन्सच्या वजनापुढे हळूच मान टाकली. फोटोत आले सगळ्यांचे पाय आणि रांगोळी! आम्ही पोट धरून हसलो. तोवर काळोख पडला होता. "पुढच्या दिवाळीला काढू," असे म्हणून सगळे फराळाला बसले. पुढच्या दिवाळीला आजी नव्हती.

तेव्हापासून कोणी विद्यार्थी किंवा शेजारी "सर, कुठला कॅमेरा घेऊ?" असे विचारतो, तेव्हा मी त्याला स्टँडबद्दलही चार गोष्टी सांगतो. त्याच इथे लिहितो आहे.

तीन पायच का?

शेतात चहा करायचा तर आपण तीन दगडांची चूल मांडतो. जमीन कितीही उंचसखल असो, तीन दगडांवर भांडे डुगडुगत नाही. चार पायांची खुर्ची मात्र शहाबादी फरशीवरही डुलते. तीन बिंदू नेहमी एकाच पातळीत बसतात, हे भूमितीतले साधे तत्त्व. म्हणून कॅमेऱ्याचा स्टँड तीन पायांचा.

स्टँड लागतो कधी? हातात कॅमेरा धरून फोटो काढताना एक जुना ठोकताळा आहे. लेन्स ५० मिलीमीटरची असेल तर शटरचा वेग साधारण सेकंदाचा ५०वा भाग तरी हवा, २०० मिलीमीटरची असेल तर २००वा भाग. यापेक्षा शटर संथ झाले की हाताचा कंप फोटोत उतरतो. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये हा कंप कमी करण्याची सोय असते, त्यामुळे पूर्वीइतकी अडचण येत नाही. पण बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीत छताचे ते दगडी कमळ टिपायचे असेल, किंवा पावसाळी संध्याकाळी राकसकोपचे पाणी, तर शटर कधी अर्धा सेकंद, कधी दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. तिथे हात पुरत नाही. (पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील वास्तूंत स्टँड लावण्यापूर्वी परवानगीची चौकशी जरूर करावी.)

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. स्टँड कॅमेऱ्याला स्थिर ठेवतो, समोरच्या माणसाला नाही. मांडीवरचे बाळ हलले तर ते धूसरच येणार. गोकाकच्या धबधब्यासमोरील झुलत्या पुलावर मी एकदा मोठ्या हौसेने स्टँड लावला होता. कोणी चालू लागले की पूलच झुले. स्टँड बिचारा काय करणार?

पाय कसे निवडावेत?

पहिली गोष्ट उंची. मधला दांडा वर न काढता, नुसते पाय पूर्ण उघडल्यावर कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या पातळीवर यायला हवा. हेड आणि कॅमेरा मिळून पंधरा-वीस सेंटिमीटर उंची घेतात. म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या माणसाला साधारण १३५ ते १४० सेंटिमीटरचे पाय पुरतात. मधला दांडा अडीअडचणीपुरता ठेवावा. तो पूर्ण वर काढला की तीन पायांचा स्टँड एका पायावर उभा राहिल्यासारखा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय कशाचे बनवले आहेत ते. ॲल्युमिनियमचा स्टँड जड असतो, पण स्वस्त आणि टिकाऊ. कार्बन फायबरचा हलका असतो आणि कंपही लवकर शमवतो, मात्र किंमत दुप्पट-तिप्पट. मोटरसायकलवरून फिरणाऱ्याला ॲल्युमिनियम चालते. वैजनाथाचा डोंगर पायी चढणाऱ्याने, किंवा माझ्यासारख्या पाठदुखीवाल्याने, कार्बनचा विचार करावा. फार जड स्टँड पुढे पुढे घरीच राहू लागतो आणि घरी राहिलेल्या स्टँडवर फोटो निघत नाही.

तिसरी गोष्ट कड्या. काही स्टँडचे पाय पिळून घट्ट होतात, काहींना खटक्याची पट्टी असते. आपल्याकडे पावसाळ्यात तांबडी माती सगळीकडे शिरते. पिळाच्या कडीत तिचे कण गेले की ती करकरू लागते आणि उघडून धुवावी लागते. खटक्याची पट्टी वरूनच साफ करता येते, तिचा स्क्रू मात्र अधूनमधून आवळावा लागतो. चिखलात उभे राहायचे असेल तर नेहमीसारखे जाड नळीपासून पाय लांबवू नका. सर्वांत खालची बारीक नळी आधी बाहेर काढा, म्हणजे कडी चिखलाच्या वर राहील. घरी आल्यावर पाय धुऊन, उघडे ठेवून वाळवावेत.

डोक्याचे काय?

माझी दिवाळी बिघडवली ती पायांनी नव्हे, डोक्याने. म्हणून सांगतो, हेडवर पैसे वाचवू नका. चांगल्या स्टँडचे हेड काढून बदलता येते. हेड आणि पाय जोडणारा स्क्रू बहुधा ३/८ इंचाचा असतो, कॅमेऱ्याच्या बुडाचा १/४ इंचाचा. आधी पाय चांगले घेऊन हेड नंतर बदलणे यामुळे शक्य होते.

हौशी माणसाच्या कामाची हेड तीन प्रकारची. बॉल हेडमध्ये एक गोळा असतो. एकच मूठ सैल केली की कॅमेरा हवा तसा वळतो. फिरत्या माणसाला आणि घरगुती फोटोंना हे सोयीचे. दुसरे तीन दांड्यांचे. यात वर-खाली, आडवे आणि कलते अशा तिन्ही हालचाली वेगवेगळ्या होतात. देवळे, वाडे अशा सरळ रेषांच्या वास्तूंसाठी ते उत्तम, पण वागवायला अवजड. तिसरे फ्लुइड हेड. ते कॅमेरा संथपणे, झटका न देता फिरवते. आपल्याकडच्या साहित्य संमेलनाचे किंवा मुलीच्या भरतनाट्यमचे व्हिडिओ काढणाऱ्याने ते घ्यावे.

खोक्यावर 'पाच किलो' असे छापलेले असते, त्यावर फार विसंबू नका. आपला कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स यांच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमता असलेले हेड घ्यावे. आणि दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यावा. तो हेडवर बसवून पुढे झुकवा, आवळा, भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर रोखा आणि मिनिटभर वाट पाहा. खूण जागची हलली तर नमस्कार करून बाहेर पडा. हे एक मिनिट मी दिले असते तर आजीचा फोटो आज भिंतीवर असता.

कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची छोटी पट्टी, म्हणजे प्लेट, हरवली की सगळा स्टँड निकामी होतो. 'आर्का-स्विस' पद्धतीची प्लेट अनेक कंपन्या बनवतात, तेव्हा शक्यतो त्याच पद्धतीचे हेड पाहावे. ज्यांचा कॅमेरा म्हणजे मोबाइलच, त्यांनी मोठ्या खर्चात पडू नये. पाव किलोच्या आतबाहेरच्या मोबाइलला साधा स्टँड आणि घट्ट पकडणारा चिमटा पुरतो.

फोटो काढताना

एक पाय लेन्सच्या खाली, पुढच्या बाजूला ठेवावा. वारा असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला पिशवी अडकवावी, पण ती जमिनीला टेकलेली असू द्यावी, नाहीतर तीच झोके घेते. जुन्या कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये कंप कमी करणारे बटण असेल तर स्टँडवर ते बंद करावे. बटण बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर वापरावा. घरच्या मंडळींचा फोटो असेल तर दहा सेकंदांचा, आणि एकावर न थांबता चार-पाच फोटो घ्यावेत. कोणाचे ना कोणाचे डोळे मिटतातच.

आता आमच्याकडे धातूच्या बॉल हेडचा मजबूत स्टँड आहे. गेल्या गणपतीत तो अंगणात लावला. मी टायमर दाबून धावलो आणि आई व सासूबाई यांच्या मधोमध उभा राहिलो. एकीकडून आवाज आला, "हलू नका रे!" दुसरीकडून, "अलुगाडब्याड्री!" फोटोत दोघींचीही तोंडे उघडी आहेत आणि मी थोडा धापा टाकतो आहे. पण मी आहे.

अल्बममध्ये तो चिकटवताना शेजारच्या पानावर रांगोळीचा आणि पायांचा तो जुना फोटोही लावला. त्यातली मधली दोन पावले आजीची आहेत. जोडवी घातलेली पावले अज्जीची. काका आता थकले आहेत. येत्या दिवाळीला खुर्ची त्यांच्यासाठी मांडायची, हे मात्र आत्ताच ठरवून टाकले आहे.