तत्त्वज्ञान विभागाचे नवे गणित

महाविद्यालयातील तत्त्वज्ञान विभाग बहुधा एक-दोन प्राध्यापकांचाच असतो. तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घेणारे विद्यार्थी मोजकेच. त्यामुळे निवृत्तीनंतर रिक्त झालेले पद भरले जाईलच, याची शाश्वती नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्याने एक वाट मोकळी केली आहे. तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० श्रेयांकांपैकी २४ दुय्यम विषयासाठी, तर ९ बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांसाठी आहेत. त्यामुळे महाविद्यालयाने सोय केल्यास वाणिज्य वा विज्ञान शाखेचा विद्यार्थीही तर्कशास्त्र, नीतिशास्त्र शिकू शकतो. मात्र विभाग केवळ अशा पूरक तासिकांवरच उभा राहिला, तर षड्दर्शने वा कांट सलग अभ्यासणारा वर्ग उरणार नाही. आणि उद्याचे प्राध्यापक त्याच वर्गातून घडतात.